माणगाव सोडल्याशिवाय

मुलांनो,

परवा व्हिडिओवर बोलताना माझ्या मागची काळी पाटी तुम्हाला दिसली आणि धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या भिंतीवर 'उशिरा' असं का लिहिलंय? तू तर कधीच उशीर करत नाहीस." तुमचा बाबा हसला, "ती कंट्रोलरची पाटी" म्हणाला आणि विषय संपवला. तो विषय इतक्यात संपणारा नाही. शिवाय पुढच्या महिन्यात घराला रंग द्यायचा आहे. रंगारी पाटी उतरवणार, आणि एकदा उतरवलेली वस्तू परत भिंतीवर जातेच असं नाही. म्हणून ती वर आहे तोवर लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण हा माणूस इंग्रजीत बसत नाही. मोठ्याने वाचा. अडलं तर बाबाला विचारा, त्यालाही जरा सराव होईल.

हे कंट्रोलर आमच्या समोरच्या घरात राहत. महाडच्या एस.टी. स्टँडवर कामाला होते. म्हणजे कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते आणि कधी सुटते, ते माइकवरून सांगणारा माणूस. मी पोलादपूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. सव्वीस वर्षं मी सकाळची सातची पोलादपूर गाडी पकडली आणि सव्वीस वर्षं त्यांनी मला 'सातची पोलादपूर' म्हणूनच ओळखलं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गाड्या राहत. निवृत्त झाल्यावरसुद्धा बाजारात हाक यायची, "ओ सातची पोलादपूर, कोथिंबीर कशी दिली?" वरंध गावाहून येणाऱ्या दूधवाल्याला ते 'वरंध' म्हणत. स्वतःच्या बायकोला 'उमरठ मुक्काम' म्हणत, कारण ती उमरठची होती आणि मुक्कामाची गाडी एकदा गावात शिरली की सकाळपर्यंत हलत नाही. वहिनी काही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. "आन् तुमी कोन? घाटात बंद पडलेली," असं त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत.

त्यांना दोन आवाज होते. एक गावाकडचा, घरातला. दुसरा माइकवरचा, अगदी शुद्ध, संथ, प्रत्येक अक्षर इस्त्री केलेलं. माझे विद्यार्थी कविता म्हणताना तसं बोलले असते तर मी सगळ्यांना पास केलं असतं.

त्यांचा एकच नियम होता. मुंबईची गाडी कुठवर आली असं कुणी विचारलं, तर महाडच्या आधीच्या माणगाव स्टँडवरून 'सुटली' असा फोन आल्याशिवाय ते 'येतेय' म्हणत नसत. आमदाराच्या माणसालाही नाही आणि बाळंतिणीच्या नवऱ्यालाही नाही. "माणगाव सोडल्याशिवाय आली म्हनायचं नाय." वाट पाहणाऱ्याला अंदाज सांगणं हे त्यांच्या मते पाप होतं. अंदाज चुकला की माणूस दुप्पट चिडतो, आणि बरोबर आला तरी आभार मानत नाही.

हा नियम त्यांनी नोकरीत एकदाच मोडला. एका पावसाळ्यात रस्ता खचला, फोन बंद पडले, आणि भर दुपारी स्टँडवर अडकलेली माणसं त्यांच्या खिडकीवर छत्र्या आपटायला लागली. तेव्हा त्यांनी माइक उचलून सांगून टाकलं की मुंबईची गाडी माणगावहून सुटली आहे. फोन आलाच नव्हता. पण माणसं गप्प झाली. बायकांनी डबे सोडले, पोरं झोपली. गाडी चार तासांनी आली आणि एकानेही तक्रार केली नाही. या गोष्टीची त्यांना पुढे कायम लाज वाटे. ती सांगताना ते आवाज खाली आणत, दुसरा कुणी चोरीची कबुली देताना आणेल तसा.

आता आजाराचं सांगते. कंट्रोलर होण्याआधी ते कंडक्टर होते. तरुणपणी आंबेनळी घाटात त्यांची गाडी कलंडली, रक्त खूप गेलं आणि त्यांना दोन बाटल्या रक्त चढवलं. त्या काळी रक्तातला हा विषाणू ओळखायची चाचणीच निघालेली नव्हती, त्यामुळे कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. निवृत्तीनंतर महाडात रक्तदान शिबिर होतं, तिथे ते 'घेतलेल्या दोन बाटल्या परत करायला' म्हणून ऐटीत गेले. पंधरा दिवसांनी इंग्रजीत एक पत्र आलं, ते घेऊन माझ्याकडे आले. आभाराचं पत्र असेल अशी त्यांची समजूत होती, कारण बरोबर चौकट करायला मापाची टेपही आणली होती.

मी वाचलं. हिपॅटायटिस सी. लिव्हरचा आजार, रक्तातून येणारा, वर्षानुवर्षं आवाज न करणारा. हे सगळं मी त्यांना शक्य तितकं नीट समजावलं. ते बराच वेळ मापाच्या टेपशी खेळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ज्यानं रक्त दिलं त्यानं मला जगवला, आन् वर एक बिनतिकीट चढवला. इतकी वर्षं कंडक्टरकी केली, आन् फुकट्या माझ्याच गाडीत?"

त्या वेळचा उपचार म्हणजे पोटात दर आठवड्याला एक इंजेक्शन, जवळजवळ वर्षभर. इंजेक्शनाच्या दिवशी ताप, दुसऱ्या दिवशी राग, तिसऱ्या दिवशी रडू. केस गेले. एरवी शिवी न देणाऱ्या माणसाने गॅसवाल्याला माइकच्या आवाजात, एकही अक्षर न गिळता, अशा शिव्या दिल्या की तो सिलिंडर तिथेच ठेवून पळाला. आणि एवढं करून इंजेक्शनं थांबल्यावर तीन महिन्यांत विषाणू परत हजर.

मुंबईच्या डॉक्टरांकडे तेव्हा मी बरोबर गेले होते, कारण डॉक्टर अर्धं इंग्रजीत बोलत. त्यांनी सांगितलं, "एक नवी गोळी येतेय. इंजेक्शन नाही, नुसती तोंडाने घ्यायची. आपण थांबू या."

"कुठनं सुटलीय?" कंट्रोलरांनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मंजुरी कुठवर आली आहे, असं विचारतायत."

"तिकडे अमेरिकेत चाचण्या होत आल्या आहेत. आधी तिथली मंजुरी. मग दिल्लीत अर्ज, तिथली मंजुरी, मग ती आपल्याकडे मिळायला लागेल."

"म्हंजे अजून डेपोतच हाय. आन् माज्याकडं टाइम किती?"

"दोनेक वर्षं धरू. तुमचं लिव्हर काय म्हणतं त्यावर आहे."

"लिव्हरला माइक नाय ना, डॉक्टर."

डॉक्टर हसले नाहीत. परतीच्या वाटेवर वडखळला कंट्रोलरांनी मला वडा खायला लावला आणि स्वतः खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात ही पाटी लागली. स्टँडवर नवे बोर्ड आले तेव्हा जुनी पत्र्याची पाटी भंगारात निघाली होती, ती त्यांनी आणून ठेवली होती. रकाने पांढऱ्या रंगात आखलेले होतेच. खडूने भरलं होतं: गाडी, 'गोळी'. कोठून, 'अमेरिका'. मार्गे, 'दिल्ली, मुंबई, माणगाव'. वेळ, कोरी. शेरा, 'उशिरा'.

"माणगावचा काय संबंध?" मी विचारलं.

"महाडला यायचंय ना तिला? मग काय उडत येनार?"

गल्लीने पाटी वाचली, कसली गोळी म्हणून विचारलं, आणि गल्लीला आजार कळला. वहिनींना ते नको होतं. त्यांची भीती खरी ठरली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी त्यांच्या घरातलं दूध ओठाला लावलं नाही, वाण मात्र उचललं. वहिनी त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी पाटीच्या तळाशी एक ओळ वाढली होती: 'सूचना: या घरचा चहा प्यायल्याने काही होत नाही. कृपया रक्त पिऊ नये.' ती वाचून निम्म्या बायका लाजून चहाला आल्या, निम्म्या पुढे कधीच आल्या नाहीत. दुसऱ्या निम्म्यांबद्दल ते म्हणत, "ती ओळ त्यांच्यासाठीच लिवली होती."

दर गुरुवारी चार वाजता मी इंग्रजी वर्तमानपत्रं घेऊन त्यांच्या ओट्यावर जात असे. त्या औषधाबद्दल काही आलं असेल तर वाचून अर्थ सांगायचा, हे माझं काम. तुमच्या बाबाच्या जुन्या लॅपटॉपवर मिळेल ते मी कागदावर उतरवूनही नेत असे. ऐकणारा सोपा नव्हता. मी वाचलं की औषध लवकरच येईल अशी तज्ज्ञांची अपेक्षा आहे, की ते विचारत, "लवकरच म्हंजे किती वाजता? आन् हे तज्ज्ञ कुठल्या स्टँडला असतात?" प्रत्येक गोष्टीची गाडी करायची त्यांची खोड मला कधी कधी नकोशी होई, हेही सांगून ठेवते. पण त्यांच्याकडे शब्द तेवढेच होते आणि वाट बघायची होती मोठी.

मग माझ्या हातून एक गाढवपणा झाला. एके दिवशी सकाळी बातमी वाचली: मंजुरी मिळाली. मी, जी केस विंचरल्याशिवाय कधी दार उघडत नाही, ती तशीच गाउनवर गल्ली ओलांडून गेले. कंट्रोलर घरी नव्हते, बँकेत गेले होते. वहिनी तांदूळ निवडत होत्या. "वहिनी, आली हो! गोळी आली!"

वहिनींनी सूप खाली ठेवलं, देवापुढे डोकं टेकलं आणि एक शब्द न बोलता मागच्या दारी गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. त्या कोंबडा पकडायला गेल्या होत्या. गोळी आली की उमरठच्या देवीला कोंबडा द्यायचा असा त्यांचा नवस होता, हे मला ठाऊक नव्हतं. कंट्रोलर बँकेतून येईपर्यंत कोंबड्यासकट वहिनी पोलादपूरच्या गाडीत होत्या.

मी कंट्रोलरांना बातमी दाखवली.

"कुठं मंजूर झाली?"

"अमेरिकेत."

"मग अमेरिकेच्या कंट्रोलरला सांगा ना, बाई! मुंबईहून सुटली म्हनून कोन महाडला आली बोलतं का? सव्वीस वर्षं माजा आवाज ऐकलात, आन् हेच शिकलात?" एवढं बोलून ते मागच्या दारी डोकावले. "आन् कोंबडा गेला?"

कोंबडा गेला होता. संध्याकाळी वहिनी प्रसादाचा डबा घेऊन परतल्या आणि दोघांची जुंपली.

"देवीला काय कळतंय, अमेरिका का इंडिया?" वहिनी म्हणाल्या.

"रिझर्वेशन केलंस तू, गो. गाडी नाय आली."

"गुरव काय बोलला म्हायतीय? बोलला, उलट बरा झाला. आता देवीनं खाऊन ठेवलाय. आता तिला द्यायलाच लागंल."

कंट्रोलरांनी डबा उघडून मला वाटी भरून दिली. चूक माझी, रस्साही मला. उत्तम झाला होता.

देवीने मात्र घाई केली नाही. दिल्लीत अर्ज पोचल्याचं कळलं, मग शंका निघाल्याचं, मग आणखी कागद मागवल्याचं. वर्ष गेलं. त्यांचे पाय सुजायला लागले, पोटात पाणी धरलं. दोनदा दवाखान्यात नेऊन ते काढलं. मिठाशिवाय जेवण, पाणी मोजून. घरी सोडायला आलेल्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला ते म्हणाले, "हिला पुढं पाटी नाय. कुठं चाललीय ते लोकांना कसं कळायचं?" ड्रायव्हर म्हणाला, "काका, ते कुनाला कळायला नको असतं." हे त्यांना फार आवडलं, पुढे महिनाभर सगळ्यांना सांगितलं.

आणि एका सकाळी मी दार उघडलं, तर ते स्टुलावर बसून पाटी रंगवत होते. खडूने नाही, ब्रशने. शेऱ्याच्या रकान्यात पांढऱ्या ऑइलपेंटने 'उशिरा' लिहीत होते.

"हे काय?"

"खडूनं रोज रोज कोन लिवनार?"

"आणि पुसायची वेळ आली तर?"

"नाय येनार, बाई." ब्रश न थांबवता ते म्हणाले. दुपारी वहिनी माझ्याकडे आल्या. ताटात सुकट मागून घेतात, वर मीठ घालून खातात, सुजेवरच्या गोळ्या मोरीत टाकतात, असं त्यांनी सांगितलं. "बाई, ते बोलतात, गाडी रद्द झाली."

तो गुरुवार होता. चार वाजता मी पेपर घेऊन गेले. त्यात गोळीबद्दल एक अक्षरही नव्हतं. मी क्रिकेटचं पान उघडलं, एका फलंदाजाच्या फोटोवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. दिल्लीने मंजुरी दिली, अमुक अटींवर दिली, औषध काही महिन्यांत मिळू लागेल. आयुष्यात इतकं बिनचूक इंग्रजी मी कधी बोलले नाही. मग मराठीत अर्थ सांगितला. पदवी घेतल्यापासून मी परीक्षेत कुणाला एक गुणही फुकट दिलेला नाही, आणि त्या दिवशी एका आजारी माणसाला अख्खी बातमी फुकट दिली.

त्यांनी पेपरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "फोन आला म्हनता?"

"आला."

रस्त्यावरून वरंधचा दूधवाला गेला, त्याला त्यांनी हाक मारली नाही. मग आत तोंड करून म्हणाले, "गो, खडू दे. आन् ती सुकट उचल इथनं."

ऑइलपेंटमधल्या 'उशिरा'च्या खाली त्यांनी खडूने लिहिलं, 'दिल्ली सोडली'.

पुढचे अडीच महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. ते बिनमिठाचं जेवत, गोळ्या घेत आणि दर गुरुवारी विचारत, दिल्ली सोडली तर मुंबईला का पोचत नाही? मी सांगत असे, "रस्त्याचं काम चालू आहे." आमच्या महामार्गावर जन्म गेलेल्या माणसाला हे कारण लगेच पटतं.

आणि मग ती बातमी खरोखर आली. या वेळी मी धावले नाही. आंघोळ केली, केस विंचरले, इस्त्रीची साडी नेसले, चष्मा पुसून बातमी तीनदा वाचली, गावाचं नाव दिल्लीच आहे ना ते पाहिलं. मगच गल्ली ओलांडली. ते म्हणाले, "एवढं नटून? मुंबईला पोचली वाटतं." मी हो म्हणाले.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी लिहून दिलं, मुंबईत कंट्रोलरांच्या पुतण्याने औषध घेतलं आणि बाटली खोक्यात बांधून पोलादपूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. कुरिअरने पाठवायला कंट्रोलरांनी सक्त मनाई केली होती. गाडी दुपारी यायची होती. ते सकाळपासून स्टँडवर. सुजलेल्या पायांत चपला जात नव्हत्या म्हणून वहिनींच्या ढगळ सपाता घातलेल्या. वहिनी आणि मी बाकावर बसलो. नव्या कंट्रोलरने त्यांना खुर्ची दिली होती. दुपारी माणगावचा फोन आला आणि त्याने माइक यांच्यासमोर सरकवला.

तो इस्त्रीचा आवाज मी किती वर्षांनी ऐकला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मुंबईहून महाडमार्गे पोलादपूरला जाणारी गाडी माणगावहून सुटलेली आहे."

वहिनींनी माझा हात धरला. गाडी आली, फलाट दोनवर लागली. परत माइक सुरू झाला. "मुंबईहून आलेली गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. झालेल्या उशिराबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मग थोडं थांबून, "फार दिलगीर आहोत."

पाचाडला जाणारा एक म्हातारा मला म्हणाला, "काय बोलतोय हा? गाडी तर टायमात आली." खरंच, त्या दिवशी गाडी वेळेवर होती.

घरी येऊन त्यांनी आधी 'दिल्ली सोडली' पुसलं आणि त्या जागी 'आली' लिहिलं. मगच बाटली उघडली. रोज एक गोळी, इतकी लहान की ते वैतागले. "एवढ्याशा बयेसाठी मी एवढा वेळ स्टँडवर?" तीन महिन्यांनी आणि त्यानंतरही रक्त तपासलं. विषाणू नव्हता. फुकट्या उतरला.

शेवटचा रिपोर्ट आला त्या दिवशी मी त्यांना खरं सांगायचं ठरवलं. क्रिकेटचं पान, फलंदाज, सगळं. मी सुरुवात केली तोच ते म्हणाले, "फोन आला नव्हता ना?"

"नाही."

"म्हायतीय. त्या दिवशी तुमी पान उलटलंच नाय. एवढी मोठी बातमी एका फोटोच्या खाली मावली?" मग पायांकडे बघत म्हणाले, "पन प्रवासी गप बसला ना."

पाच वर्षं आणखी जगले. विषाणू गेला, पण त्याने लिव्हरची केलेली नासधूस गेली नाही. ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि त्यांनी मान्य केलं होतं. या पाच वर्षांत पायांची सूज उतरली, ते बाजारात गेले, दूधवाल्याशी भांडले, आणि वाट बघायला काही उरलं नाही म्हणून अधूनमधून कुरकुरले. गेले तेव्हा मी कंट्रोलरांसाठी रडले आणि माझ्या 'सातची पोलादपूर'साठीही.

वहिनी पाटी माझ्याकडे ठेवून उमरठला गेल्या. अजून तिथेच असतात. त्यांच्याकडे सध्या चार कोंबडे आहेत आणि एकाही कोंबड्यावर कुणाचा नवस नाही.

कंट्रोलर गेले त्याच्या पुढच्या वर्षी सावित्री नदीचं पाणी माझ्या घरात छातीपर्यंत शिरलं. पुस्तकं गेली, लॅपटॉप गेला, पाटी दोन दिवस चिखलात पालथी होती. मी ती धुऊन परत टांगली. रकाने आहेत. ऑइलपेंटमधलं 'उशिरा' आहे. त्याच्या खाली 'आली' होतं. ते खडूचं होतं, ते गेलं. ते तिथे होतं, हे मी पाहिलेलं आहे.